जास्त झालेला उजेड

मंगळवार, भोर, संध्याकाळ

मार्गासनीच्या आरोग्य उपकेंद्रातलं नेट आज एकदाचं सुरळीत झालं. त्यासाठी तीन खेपा झाल्या. सिग्नल तुटतोय म्हणून मी दर वेळी पंचायतीतल्या ट्रान्सीव्हरची, म्हणजे फायबरमधून उजेडाचा सिग्नल सोडणाऱ्या यंत्राची, पॉवर वाढवत गेलो आणि तो जास्तच तुटत गेला. उपकेंद्रातल्या नर्सबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पंचायत तर हितं समोर हाय. एवढ्या जवळ कशाला एवढा जोर?" मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही? फायबरचं काम मी करतो म्हणून?

आज मीटर लावून बघितलं. पंचायतीतून येणारा उजेड इतका होता, की इकडचं यंत्र दिपून जात होतं. तिकडची पॉवर कमी केली आणि इकडच्या यंत्रावरचा दिवा हिरवा झाला, तो हिरवाच राहिला. बाईंना म्हटलं, "तुमचंच बरोबर होतं, पहिल्या दिवसापासून." त्यांनी हसून बाहेर ताटकळलेल्या आजींना आत घेतलं.

भोरचे डॉक्टर पडद्यावर आले. "आजी, हातावरची सूज दाखवा."

आजी आधी नर्सबाईंकडे वळल्या. "त्यास्नी मी दिसती का?"

"अगदी स्वच्छ दिसताय," डॉक्टरच म्हणाले.

मग आजींनी पदर सारखा केला आणि हात पुढं धरला.