सामाईक भिंतीबाबत

मी, मधुकांता जगजीवनदास सोलंकी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार टेनामेंट नं. १४, शिवांजली सोसायटी, वाघोडिया रोड, वडोदरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके दुखते, पण शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण यापूर्वी माझ्यापाशी द्यायला घर नव्हते.

कलम १. मला जवळचा असा एकच, धाकटा भाऊ जशवंत. त्याला आम्ही जशु म्हणतो. तो लेडीज टेलर होता. नवरात्र आले की त्याच्या दुकानात चणियाचोळ्यांचे ढीग लागत. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणे मोजक्या शब्दांवर आले. तेव्हापासून मोठा आवाज झाला की त्याचे अंग लाकडासारखे ताठ होते, घास घशात अडकतो. माझ्यामागे त्याचे काय, एवढ्याच एका चिंतेने हे लिहीत आहे.

कलम २. घराबाबत. मी उभा जन्म इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये काढला. निवृत्तीनंतर जे मिळाले ते सगळे घालून हे बैठे घर घेतले, ते जशुला शांत जागी ठेवता यावे म्हणून. किरीट दलालाने घर दाखवले ते दिवाळीच्या सुटीत. लाभपाचमीला कामधंदे पुन्हा उघडेपर्यंत सोसायटी रिकामी होती. अंगणात चिमण्यांचा आवाज तेवढा होता. मी विचारले, "शेजारी कोण?" किरीटभाई म्हणाले, "अहो बेन, साधी माणसं, देवाधर्माची!" मी तिथेच बयाणा दिला. किरीट दलालांना माझ्याकडून काहीही देऊ नये, निरोपसुद्धा नाही.

आम्ही राहायला आलो त्याच सकाळी भिंतीपलीकडे ढोल सुरू झाला. पंधरा नंबर आणि माझे घर यांच्यात एकच भिंत, विटेची आणि पातळ. पलीकडे रिंकलचा गरबा क्लास चालतो. सकाळी बायकांची बॅच, दुपारी मुलींची, संध्याकाळी जोडप्यांची. नवरात्र संपले की लग्नाच्या संगीताचे नाच बसवायचे. म्हणजे बारा महिने.

मी गेले. रिंकलने बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. "मासी, हळू वाजवते हं." दोन दिवस हळू वाजला. मग तिचा नवरा भाविन म्हणाला, "हळू वाजवून पायात जोर कसा येणार मासी? तुम्हीच सांगा." भाविनची कंपनी बंद पडलेली आहे. क्लासवर ते घर चालते, हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक असले म्हणून माझे डोके दुखायचे थांबत नाही.

मी भिंतीला गाद्या उभ्या केल्या. जशुच्या कानात कापूस घातला, तर तो काढून टाकायचा. त्याची खाट स्वयंपाकघरात नेली, मग ओट्याखाली अंथरूण घातले. नव्या घरात माझा भाऊ ओट्याखाली झोपत होता. घर विकायला काढले, पण पाहायला येणारा दारातच उभा राहून ऐकायचा आणि चप्पल न काढता परत जायचा.

कलम ३. सोसायटीचे चेअरमन छोटुभाई अमीन यांच्याबाबत. मी सभेत हात जोडून उभी राहिले. छोटुभाईंची सून त्याच क्लासला जाते. ते सर्वांसमोर म्हणाले, "माताजीच्या गरब्याला नाही म्हणता? बेन, तुमची जिंदगी गेली इस्पितळात, कण्हणं ऐकण्यात. नांदत्या घरांचा आवाज तुम्हाला कसा सोसणार?" लोक हसले. मी पोलिसांत अर्ज दिला. दोन शिपाई आले, पंधरा नंबरमध्ये चहा प्यायले, "जरा धीमे करा" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतल्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. छोटुभाई अमीन यांनी माझ्या बेसण्याला, म्हणजे दुखवट्याच्या बैठकीला, येऊ नये. त्या बेसण्यात भजन, स्पीकर, झांजा काही नको. लोकांनी बसावे आणि उठून जावे.

कलम ४. यंदा वैशाखात घडले ते इथे लिहिणे भाग आहे, कारण पुढची व्यवस्था त्यावरूनच केली आहे. मी जशुचे औषध आणायला गेले होते. तो उठायला गेला आणि ओट्यापाशी पडला. मी परत आले तेव्हा पलीकडे सुटीची बॅच जोरात होती. रिंकल ओरडत होती, "एक, दोन, तीन, टाळी!" आत जशु फरशीवर पडलेला, मांडीचे हाड मोडलेले, घसा पूर्ण बसलेला. तो मला नव्हे, रिंकलला हाका मारत होता. ती त्याला अधूनमधून सुखडीची गोड वडी आणून भरवायची, तिचे नाव त्याला म्हणता येते. तिचे नाव घेत तो तिच्या भिंतीपासून चार पावलांवर पडला होता, आणि तिला ऐकू गेले नाही.

मी पलीकडे जाऊन एवढेच सांगितले. रिंकल क्लास तसाच टाकून माझ्या घरात धावली. रिक्षात जशुचे डोके तिनेच मांडीवर घेतले. त्याचे ऑपरेशन होईस्तोवर ती इस्पितळातून हलली नाही.

क्लास बंद राहिला. मग मुलींचे आईबाप येऊ लागले, नवरात्र जवळ आले, आणि ढोल पुन्हा सुरू झाला. मी तिला क्षमा केलेली नाही. शापही दिलेला नाही.

कलम ५. चुलतभाऊ निमेष सोलंकी, अंकलेश्वर, याने फोनवर सांगितले, "मधुबेन, तुम्हाला काही झालं तर जशुभाईला आश्रमात टाकू. तिथे असल्यांना ठेवतात." मी नोकरीत असताना तशा जागा पाहिल्या आहेत. पाठीला पडलेल्या जखमा मी धुतल्या आहेत. निमेषला काकांची चांदीची वाटी द्यावी. जशु देऊ नये.

कलम ६. म्हणून माझी इच्छा अशी. माझ्यामागे या घरात हयातभर राहण्याचा हक्क जशवंतचा. त्याचे खाणेपिणे, औषध, अंघोळ हे सारे रिंकल भाविनकुमार परमार हिने पाहावे. जशवंतच्या पश्चात हे घर पूर्ण मालकीने रिंकलचे. अट अशी की माझ्या मृत्यूच्या दिवसापासून तो जिवंत असेपर्यंत त्या भिंतीपलीकडे ढोल, टाळी, स्पीकर वाजणार नाही. क्लास तिने दुसरीकडे न्यावा. जागेच्या भाड्यासाठी पेन्शनमधून साठवलेली माझी ठेव तिने वापरावी. सामाईक भिंतीत जशुच्या उशाशी दार पाडावे, म्हणजे त्याची हाक तिला ऐकू जाईल. अट मोडल्यास घर विकून ते पैसे जशुच्या शुश्रूषेला लावावेत. ते काम माझी इस्पितळातली मैत्रीण एलिझाबेथ मॅकवान हिने करावे. तिला मी व्यवस्थापक नेमते.

जिवंतपणी मागून जे मिळाले नाही, ते मी मरून विकत घेत आहे. दुसरा उपाय मला दिसला नाही.

मी रिंकलला बोलावून हे सांगितले.

"लोक काय म्हणतील मासी? म्हणतील, रिंकलने ढोल बडवून बडवून म्हातारीचं घर काढून घेतलं."

"म्हणतील. मी नसेन. तुला ऐकावं लागेल."

"मला नको तुमचं घर."

"मग जशु निमेषकडे जाईल."

तिने जशुकडे पाहिले. मग रडायलाच लागली. "तुम्ही मला असं अडकवताय ना! सूड घेताय."

"असेलही," मी म्हटले. "माझ्यापाशी दुसरं कोणी आहे का, ते सांग. असेल तर हा कागद फाडते."

तिने पदराने नाक पुसले आणि भिंतीला हात लावून विचारले, "दार कुठे पाडायचं?"

कलम ७. जशुची शिलाई मशीन आणि कात्री विकू नये, त्या त्याच्या नजरेसमोर असाव्यात. माझी घड्याळे एलिझाबेथला. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा.

हे सर्व मी आज जशुला वाचून दाखवले. घर तुझे, रिंकल भरवील, ढोल वाजणार नाही, असे सावकाश सांगितले. त्याने सगळे नीट ऐकले. मग माझी बाही धरून विचारले, "अन् तू?"

मी त्याला पाणी पाजले. याहून अधिक काही मला लिहायचे नाही.

स्थळ: वडोदरा
ता. ३ सप्टेंबर २०२३, रविवार

(सही) मधुकांता जगजीवनदास सोलंकी

मधुकांताबेन यांनी आम्हां दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. या मृत्युपत्रातून आम्हांला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: (सही) डॉ. उत्पल रमणिकलाल झवेरी
साक्षीदार २: (सही) विरबाळा शांतिलाल गोहिल, निवृत्त परिचारिका