तेजूच्या बर्फावरचे ओरखडे

जांभूळ, बदलापूर
४ जानेवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र तुला बॅगेत सुक्या बोंबलांच्या डब्याखाली सापडेल. म्हणजे तोवर तू लेहला पोचला असशील आणि विमानात शेजारच्या माणसाने दोनदा तुझ्याकडे वळून पाहिलं असेल. डबा द्यायला तुझ्या घरी विठ्ठलवाडीला आले तेव्हाच बोलणार होते, पण मी बोलते आणि तू 'हं' म्हणतोस. कारखान्याच्या मशीनने माझे कान नेल्यापासून तुझं ते 'हं' मला ऐकूच येत नाही. मोबाईलवर तू 'ठीक' एवढंच टाइप करतोस. कागदावर मात्र तुझा हात सुटतो, म्हणून तिकडून पत्रच लिही.

वहिनीसमोर घाईत सांगितलं ते पुन्हा नीट सांगते. फिनलंड देशातल्या एका क्लबने आपल्या तेजस्वीला एका हंगामासाठी बोलावलं आहे. बर्फावरची हॉकी खेळायची, तीही पगारावर. उल्हासनगरच्या जिज्ञासा मॅडमनी तिला चाकांच्या स्केटवर उभं केलं, पुढे दर थंडीत लेहला नेलं, आणि त्यांनीच तिचे व्हिडिओ तिकडे पाठवले. इकडे पोलीस भरतीत तिचं नाव लागलं आहे. दोन्ही जमणार नाही. दहा फेब्रुवारीच्या आत फिनलंडला कळवायचं आहे. तेजू म्हणते, आई हो म्हणाली तरच जाईन. आणि मी म्हणते, दादा हो म्हणाला तरच हो.

तूच का, तर ह्यांना विचारलं की हे म्हणतात, तू म्हणशील ते. जिज्ञासा मॅडमचा जीव तिच्यात अडकलेला, त्या नाही म्हणायच्याच नाहीत. तू मात्र एवढी वर्षं कबड्डीचा पंच, आणि बदलापूरपासून वांगणीपर्यंत एक पोरगा सांगणार नाही की हरिचंद्र मास्तरांनी त्याला छान म्हटलं. माझ्या लग्नात जेवण कसं होतं विचारलं तर तू 'जमलं' म्हणालास. सासूबाई वर्षभर धुमसत होत्या.

बर्फातलं तुला काही कळत नाही, ठाऊक आहे मला. पण पाय तर कळतात. लेहला तिचे सामने बघायला चाललाच आहेस, तर तिचे पाय बघ आणि सांग, फिनलंडच्या पगारी खेळाडूंसमोर ती उभी राहील का? तयार आहे का?

कानटोपी काढू नकोस. माझ्यावरचा लोभ तेवढा तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
तुळशी


लेह
१२ जानेवारी २०२६

चि. सौ. तुळशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा डबा पोचला, वासासकट. पहिले दोन दिवस मी अंथरुणातच होतो. इथे हवा इतकी विरळ की जन्मभर पोरांना दम धरायला शिकवणारा मी, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो. तेजूने लसणाचं गरम सूप आणून पाजलं आणि अगदी तुझ्यासारखंच, समोरच्याचं ऐकून न घेता, मला दटावलं.

इथे खेळायचं मैदान कसं करतात ते ऐक. मोकळी जागा सपाट करतात, कडेने वीतभर बांध घालतात आणि ऊन उतरलं की पाणी सोडतात. पातळसा थर. तो गोठला की वर दुसरा. एकदम पाणी सोडलं की सगळं फुकट. बांधावर उभा राहून बघताना मला हसू यायला लागलं, कारण हे काम मला येत होतं. उरणला आयच्या माहेरी मिठागरात आपण हेच करायचो ना? जमीन तुडवून घोटायची, बांध घालायचा, खाडीचं पाणी बेताबेताने घ्यायचं. तिथे ऊन राबायचं, इथे थंडी राबते. आगऱ्याच्या पोराला एवढ्या उंचावर कोणी ओळखीचं भेटेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजू त्या बर्फावर एकटीच होती. स्केट नाहीत, साधे बूट. दोन पावलं चालायची, टाच दाबायची, थांबायची, पुढे जायची. तुळशे, माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. आय मिठाच्या वाफ्यात अशीच टाच दाबत फिरायची आणि सांगायची, इथे अजून कच्चं आहे, हात लावू नका. आय गेली तेव्हा तेजू रांगत होती. हे कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, कोणी नाही, पायाला कळतं.

दुपारी दिल्लीच्या संघाशी सामना होता. या खेळात पक नावाची काळ्या रबराची चकती असते, ती काठीने मारायची. बराच वेळ मला ती दिसलीच नाही. मग तुझं ऐकलं आणि नुसते पाय बघितले. तेजू बचावाला असते. चाल करून येणाऱ्या मुलीकडे तोंड ठेवून ती उलटी, मागे मागे घसरत जाते. दिल्लीची एक दांडगी मुलगी सुसाट आली. तेजू मागे सरली, आणखी सरली, आणि डावीकडे तिला चक्क वाट करून दिली. मी मनात म्हटलं, अगं बये, वाट काय देतेस! ती मुलगी त्या वाटेने घुसली. तिथे उन्हाने बर्फ मऊ पडला होता. चकती अडकली, मुलगी पुढे निघून गेली, आणि तेजूने ती चकती, भातातला खडा काढावा तशी, अलगद काढून घेतली.

मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. दात शिवशिवले तेव्हा कळलं. बांधावर लेहची म्हातारी माणसं बसली होती, त्यांचा जन्म बर्फात गेलेला. मी तिचा मामा हे कळल्यावर ती सरकली आणि मला मध्ये जागा दिली.

तरी अजून 'हो' लिहीत नाही. जिज्ञासा मॅडमबद्दल तू चुकलीस. त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं की फिनलंडला बर्फ छपराखाली असतो, मशीनने केलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा. तिथे टाचेला कळण्यासारखं काही नाही. महिनाअखेरीस डेहराडूनला तशाच बंदिस्त मैदानात सामने आहेत. तिथे बघतो, मग बोलतो. खाली पत्ता देतो आहे.

दाजींना नमस्कार. आशीर्वाद भरपूर आहेत, बोंबील संपत आले आहेत.

तुझा दादा,
हरिचंद्र


जांभूळ
२० जानेवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आयच्या टाचेपाशी आले आणि मला पुढे वाचवेना. हे ते पत्र वॉटर वर्क्सच्या ड्युटीवर घेऊन गेले आणि तिथे सगळ्यांना वाचून दाखवलं. परत आलं तेव्हा त्याच्यावर चहाचे डाग होते. यांच्या शिफ्टमध्ये आता सगळ्यांना पक म्हणजे काय ते माहीत आहे.

पोलीस खात्याचंही पत्र आलं. सोळा फेब्रुवारीला प्रशिक्षणाला हजर व्हायचं. शेजारच्या इंदुबाईने मला न विचारताच आळीत पेढे वाटून टाकले. खाकीत पोरगी शोभेल, सरकारी नोकरी आहे, जन्माची ददात मिटली, असं ती मला मोठ्याने, कानाशी येऊन सांगते. खोटं काहीच नाही त्यात.

सोमवारी अंबरनाथला शिवमंदिरात गेले होते. काहीतरी मागायचं म्हणून गेले, पण गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत काय मागायचं तेच ठरेना. तशीच परत आले.

दादा, तुला खरं सांगते. दिल्लीच्या मुलीचं वाचताना मी एकटीच घरात हसले, इतका अभिमान वाटला. आणि मग मशीनच्या बर्फाचं वाचलं, तेव्हा मला बरं वाटलं. आपल्या पोरीचं कुठेतरी कमी पडेल म्हणून आईला बरं वाटावं? पण वाटलं खरं. फोनवर तिचा आवाज मला येत नाही. इथे असते तेव्हा ती दारातून आत येते त्यावरून मला कळतं, भूक लागली आहे, भांडून आली आहे, की जिंकून आली आहे. तिकडे गेली की एवढासा चेहरा, तोही मोबाईलमध्ये अडकत अडकत. त्यावरून मला काय कळणार?

तू 'नाही' लिहिलंस तर मी सुटेन. तुझ्या शब्दाबाहेर तीही जाणार नाही. असं लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.

तब्येत सांभाळ. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
तुळशी


डेहराडून
२७ जानेवारी २०२६

चि. सौ. तुळशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलो नाही. तुझं पत्र खिशात घालूनच सामन्याला बसलो होतो.

इथला बर्फ काचेसारखा, छपरावरचे दिवे त्यात दिसतात. समोर लडाखच्या मुली, कोण कुठून येते कळतच नव्हतं. पहिल्या भागात तेजूच्या बाजूने आपल्यावर तीन गोल चढले. ती सारखी खाली बघत होती आणि खाली काहीच नव्हतं. लेहमध्ये डोळे दिपवणारी ती हीच का, असं वाटावं इतकी बावरली होती. तुला हवं होतं ते उत्तर माझ्यापाशी तयार झालं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

मध्यंतराला सगळ्या मुली आत गेल्या. तेजू एकटी कठड्याला टेकून उभी राहिली. रडते आहे समजून मी खाली गेलो. डोळे कोरडे होते. ती बर्फाकडे बघत होती, आणि मी बोलायच्या आत तिने हात वर करून मला गप्प केलं. मला, पंचाला! मग मीही बघितलं. तेवढ्या खेळाने त्या काचेवर ओरखडेच ओरखडे उठले होते. कोण कुठे वळते, कुठे थांबते, सगळं उमटलेलं. एका कोपऱ्यात तर बर्फाचा भुसा साचला होता, इतक्या वेळा तिथे कोणीतरी वळलं होतं. तेजू एकेक ओरखडा बघत होती. थोड्या वेळाने बर्फ घोटणारं मशीन आलं, पाणी सोडत फिरलं आणि सगळं पुसून गेलं. तेव्हा ती आत गेली.

पुढच्या भागात तिने खाली बघितलंच नाही. पुसलेलं सगळं तिच्या डोक्यात होतं. लडाखची ती चपळ मुलगी कोपऱ्यात वळली की तेजू तिथे आधीच हजर. दुसरी थांबायच्या बेतात असली की तेजूची काठी तिच्या वाटेत. मी उभा राहिलो. मागचे लोक बसा बसा म्हणून ओरडत होते, मला बसताच येईना. शेवटपर्यंत तिच्या बाजूने एक गोल गेला नाही. सामना आपण हरलो, आधीचे तीन काही फिटले नाहीत. पण तुळशे, मी जे पाहिलं ते या जन्मी पुन्हा दिसेल असं वाटत नाही.

आता उत्तर. तयार आहे का, असं विचारलंस. तर नाही. तिचा फटका हलका आहे, खांदे भरायचे आहेत, तिकडच्या मुली डोकंभर उंच असणार. पहिले काही महिने ती बाकावर बसेल आणि खोलीत जाऊन रडेल. पंच म्हणून सांगतो, तयार नाही.

आणि तरी म्हणतो, पाठव. आजवर हरणारी पोरं खूप पाहिली. मध्यंतरात पाणी पितात, नशिबाला बोल लावतात, मला शिव्या घालतात. आपण जिथे हरलो त्या जागेकडे उभं राहून बघणारं कोणी पाहिलं नव्हतं. तिच्यात जे कमी आहे ते तिकडेच भरून निघेल. जे तिच्यात आहे ते कोणाला देता येत नाही. तेव्हा माझ्या 'नाही'च्या आड लपू नकोस. भीती वाटते तर वाटू दे, मलाही वाटते आहे.

आणखी एक. पोरगी छान खेळते. हे तिला समोर सांगायला गेलो होतो, पण तोंडातून 'जेवलीस का' एवढंच निघालं.

तेजू संघाबरोबर परत येते आहे. मी हरिद्वारला थांबतो, वहिनी तिथे येते आहे. सात तारखेला आम्ही घरी. आशीर्वाद पत्रात मावत नाहीत, भेटीत देईन.

तुझा दादा,
हरिचंद्र


जांभूळ
४ फेब्रुवारी २०२६

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र विठ्ठलवाडीलाच टाकते, तू येशील तेव्हा दारात असेल.

तेजू रविवारी आली. बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, मामा काय म्हणाला? मी जे होतं तेच सांगितलं. मामा म्हणतो तू तयार नाहीस. वाटलं, तोंड पडेल. ती हसली, दादा. म्हणाली, ते मलाही माहीत आहे, तयार असते तर जायची गरजच काय होती. अगदी सहज म्हणाली आणि बोंबलाचं कालवण आहे का म्हणून चुलीकडे गेली. मी तिच्या ओठांवरून ते वाचलं. इतके दिवस मी जे तुझ्याकडून वदवून घ्यायला बघत होते, ते या पोरीला पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तिला त्याची भीती नव्हती.

फिनलंडला हो कळवलं. ह्यांनी मेल लिहिला, मी शेजारी बसून एकेक अक्षर तपासलं. पोलीस खात्याला नकार तेजूने स्वतः लिहिला, टपालपेटीत टाकायला मात्र मी गेले. पाकीट थोडा वेळ हातातच राहिलं. मग सोडलं. इंदुबाई माझ्याशी बोलत नाही, पेढे तिने स्वतःच्या खर्चाने वाटले होते.

भीती अजून आहे. तू म्हणालास वाटू दे, तर वाटू देते आहे. ऑगस्टात ती निघेल. तोवर रोज तिचा चेहरा बघून घेणार आहे, तिने मध्यंतरात बर्फ बघितला तसा.

रविवारी तू आणि वहिनी जेवायला या. डबा रिकामा आणलास तरी चालेल. पण एक करायचं. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. कागदावर शेवटी जे लिहिलंस ते आमच्या अंगणात, तिच्यासमोर उभं राहून, तोंडाने म्हणायचं. 'जमलं' चालणार नाही, 'जेवलीस का' तर नाहीच. मला ऐकू येणार नाही. मी तिच्याकडे बघत असेन, तू म्हणालास की मला कळेल.

लोभ मागत नाही आता, तेवढा एक शब्द घेऊन ये.

तुझी,
तुळशी