कूलरच्या पत्र्याचं बॉनेट

गुरुवार, संध्याकाळ. मे महिना.

मी घरीच बनवलेल्या जीपची खरी किंमत काय? इंजिन भंगारातलं, चाकं जुनी, त्याचा हिशोब सोडा. खरी किंमत म्हणजे घरातला कूलर. बॉनेटसाठी त्याचाच पत्रा कापला, झडपांसकट. माझी बायको शोभा तेव्हापासून गळ्यावर ओलं फडकं ठेवून झोपते. तिला शब्द दिला होता: जीप आज राजूर घाट न थांबता चढली नाही, तर ती भंगारात घालीन आणि नवा कूलर आणीन.

निघताना माझा साळा प्रमोद तिच्या कानाशी लागला. हळू बोलला, पण माझे कान इंजिनातली कुरकुर ऐकणारे! “ताई, कूलर पसंत करून ठेव. भाऊजीचा डबा अर्ध्या घाटात उकळते.”

मी म्हटलं, “प्रमोद, या गाडीले माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही, अन् लागनारबी नाही. तू स्कूटरवर मागून ये बे, धूर खात!”

आणि चढली की! एका दमात. कूलरच्या झडपांतून इंजिनाची धग सरळ बाहेर. आता काऊन घालू भंगारात? शेजारी बसलेली शोभा हसली. हसली, पण पदराने वारा घेत. जिंकलो मी, मग उकाड्यात तिनेच का झोपावं? तिचा कूलर उद्याच आणतो. जीपही राहील. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो, ऐटीत इंजिन बंद केलं. पुन्हा चालूच होईना. प्रमोदने मागून धक्का मारला, तेव्हा झालं.