तळ्याच्या अलीकडून

प्रिय अर्विड,

तुझ्या धुराड्यातला धूर मला आत्ता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतोय, आणि तरीही मी तुला पत्र लिहितेय. बाईचं डोकं फिरलं, असंच म्हणशील. म्हण बापडा. होडी काढून पलीकडे यायला मला कॉफी गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नसता, पण तिथं येऊन मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तुझ्या भांड्यांची खोकी बांधायला मदत केली असती, तुझ्या लेकाच्या, कर्टच्या ट्रकमध्ये तुझी ती अवजड आरामखुर्ची कशी बसेल यावरून तुझ्याशी भांडले असते, आणि जे बोलायला आले ते पोटातच ठेवून परत गेले असते. शनिवारी तो येणार, तुला आणि तुझ्या खुर्चीला ॲरिझोनाला घेऊन जाणार, आणि तळं गोठायच्या आत तुझ्या घराला कुलूप लागणार. टेलिफोनवर तर तुझ्याशी बोलायची सोयच नाही. तू ‘काय? काय म्हणालीस?’ असं ओरडतोस, मग तुझ्याकडचं हवामान सांगतोस, जणू माझ्याकडे वेगळं आहे, आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. पोस्टाची गाडी आज ते गावात नेईल आणि तळ्याला वळसा घालून परवा तुझ्या पेटीत टाकेल.

मागच्या आठवड्याची आपली फेरी तुला आणि मला एकसारखी आठवत नाही, हे मी पैजेवर सांगते. तुला मासे आठवतात. कुठल्या साली, कुठल्या खडकापाशी, कुठल्या आमिषावर, सगळं पाठ. मला धुकं आठवतं. पहाटेनंतर आपण होडी पाण्यात ढकलली तेव्हा किनारा म्हणून काही उरलंच नव्हतं. टॅमरॅकची पिवळी झालेली झाडं तेवढी कुठंकुठं तरंगत होती, खाली बुंधे नाहीत, वर आभाळ नाही. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता, की तुझ्या कोटाच्या बाहीवरून दव गळलेलं ऐकू यावं. कुठला तरी पाणपक्षी, दक्षिणेला जायचा राहिलेला, एकदाच ओरडला. मी होडीच्या पुढच्या टोकाला, तू मागच्या. आपण दोघंही झोपेतच आहोत आणि एकच स्वप्न वाटून घेतोय असं मला वाटलं, आणि ते मी तुला सांगितलंही. तू म्हणालास, “स्वप्नात गुडघे दुखत नाहीत गं, हिल्मा.” घ्या! असा हा माझा सोबती.

खरं तर ही सहल माझ्या युजीननं सुरू केली. पाहुणे आपापल्या शहरांत परत गेले, उन्हाळी घरांच्या खिडक्यांवर फळ्या बसल्या, की उत्तरेच्या त्या मोठ्या पाण्यावर जायचं, आणि मस्कीच्या, त्या दांडग्या शिकारी माशाच्या, मागं लागायचं. माझ्या नवऱ्याला मी लग्नात हो म्हटलं त्यापेक्षा मस्की लागल्यावर जास्त आनंद व्हायचा, हे मी रागानं नाही, प्रेमानं म्हणते. आपण तीन जण, एक खोपी, तीन बाकडी, आणि मधलं घोरणारं. तो गेला त्या वर्षी मी धरूनच चालले होते की संपलं आता. गळाच्या काठ्या कोठीत टांगून टाकल्या. आणि ऑक्टोबरात एका सकाळी तू होडी गाडीला जोडून माझ्या दारात भोंगा वाजवत उभा. खाली उतरलासुद्धा नाहीस. काच खाली करून म्हणालास, “येतेस, की मी एकट्यानंच जाऊन माशांना घाबरवू?” मी केस बांधलेले नव्हते, चुलीवर सफरचंदं शिजत होती. मी चूल बंद केली आणि आले. त्यानंतर एकही साल चुकलं नाही. बेकरीतली मार्लिस दर वर्षी पावाबरोबर एक तिरका शब्द बांधून देते, “मग काय, यंदाही दोघंच का?” मी दर वर्षी सांगते, “नाही, मासे असतात की.”

आता तुला ठाऊक नसलेला भाग. शेवटच्या सकाळी, त्याच धुक्यात, तू माझ्याकडे पाठ करून गळ फेकत होतास. मी माझा ओढून आणत होते. लाल केसांचं आमिष, तुझ्या मते अगदी कुचकामी. आणि तू, वळून न बघता, रीळ फिरवता फिरवता म्हणालास, “हिल्मा, मी कर्टकडे नाही गेलो तर तुला चालेल का?”

त्याच क्षणी ती आली. माझ्या आमिषाच्या मागोमाग, तळातून वर. आधी मला वाटलं, बुडालेला ओंडका हलतोय. मग ओंडक्याला डोळा दिसला. हिरवट पितळी अंग, त्यावर उभे पट्टे, माझ्या पायाहून लांब, आणि घाई म्हणून कसली नाही. काय करायचं ते मला कुणी शिकवायला हवं होतं का? मस्की होडीपर्यंत मागं येते आणि तिथं विचार करते. म्हणून आमिष कधी सरळ वर उचलायचं नाही. काठीचं टोक पाण्यात खुपसून दोन मोठ्या वळशांचा आठ काढायचा, पुन्हा काढायचा, तिला घेता येईल असा रस्ता द्यायचा. मागं काही असो वा नसो, दर वेळी काढायचा. आणि मासा मागं दिसला की होडीतलं बोलणं बंद, हा युजीनचा कायदा. प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात. मी आयुष्यभर तो आठ काढत आले. झोपेतसुद्धा माझा हात तसा फिरतो, असं तूच म्हणतोस.

आणि मी काठी उचलली. सरळ वर. आमिष हवेत, पाणी टपटप गळतंय, आणि खाली ती मासोळ्यांची राणी क्षणभर तशीच थांबली, मग जशी आली तशी खाली विरघळून गेली. तू आवाजानं वळलास आणि पाण्यावरचा नुसता भोवरा बघून कपाळाला हात लावलास. “अगं बये, आठ! आठ कुठं गेला तुझा?” किती हसलास. मी म्हटलं, हात गारठले. तू लगेच थर्मास उघडून मला कॉफी दिलीस, तुझे ते मासळीचा वास मारणारे हातमोजे माझ्या हातांवर चढवलेस, आणि दिवसभर माझ्याकडे अशी नजर टाकत राहिलास, की बिचारी म्हातारी झाली. अर्विड, माझे हात अजिबात गारठले नव्हते. मला तुझ्याकडे वळायचं होतं. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा माझ्या गुडघ्यापाशी होता आणि मला तुझं तोंड बघायचं होतं.

पण वळले तर तू हसत होतास, मग मी काय बोलणार? शिवाय मला रागही आला होता. आताही येतोय. ‘चालेल का’ हा काय प्रश्न झाला? शेजाऱ्याला त्याचा कुत्रा आपल्या अंगणात सोडायचा असला की तो असं विचारतो. माणसानं आपल्याला काय हवंय ते आधी सांगावं. तू नाही सांगितलंस. तू हवामान विचारावं तसं विचारलंस आणि मग मस्कीबद्दलच बोलत बसलास.

दुपारी तुला ती लागली. माझी नव्हे, तिची धाकटी बहीण असेल, पण चांगली जाडजूड, थंडीसाठी खाऊन माजलेली. तू काठी धरलीस, मी जाळी. पाण्यातच पक्कडीनं गळ काढला, आणि तू म्हणालास, तूच धर हिला, माझी बोटं वळत नाहीत. मी तिची शेपटी धरली, दुसरा हात पोटाखाली, आणि हळूहळू पुढं-मागं हलवत राहिले, तिला दम येईपर्यंत. तू माझ्या शेजारी ओणवा झालास आणि तुझा हात माझ्या हातावर ठेवलास, पाण्याखाली. पाणी बर्फाचं होतं. मासा श्वास घेत होता, आणि मी नव्हते घेत. मग तिनं एकदा शेपूट झटकली आणि गेली. माझ्या हातात काही उरलं नाही तरी तुझा हात तिथंच होता. बराच वेळ होता.

मग तू उठून बसलास, हात पुसलेस आणि म्हणालास, “कर्ट म्हणतो तिकडे तळीच नाहीत. गोल्फ शिका म्हणतो.”

आणि मी काय म्हणाले? “मग शीक की.”

देवा रे! तोंडातून शब्द सुटला आणि तुझा चेहरा मिटला, ते मी बघितलं. तू राहिलेला वेलदोड्याचा पाव कागदात नीट गुंडाळलास आणि इंजिन सुरू केलंस. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी तू मुलाला फोन केलास. मला कर्टच्या बायकोनं सांगितलं, बिचारी किती खूश होती. तू माझं ‘शीक की’ उत्तर म्हणून घेतलंस. मी ते उत्तर म्हणून दिलंच नव्हतं. मला भीती वाटली म्हणून दिलं. या वयात आपण एकमेकांचे काही झालो, आणि ते जमलं नाही, तर ऑक्टोबरही जाईल ना? युजीन गेल्यानंतर माझ्याजवळ राहिलेली खरी चांगली गोष्ट म्हणजे तो एक आठवडा आहे. बाकी सगळं वर्ष मी त्या आठवड्याची वाट बघते. तो मोडून बघायची माझी छाती झाली नाही. आणि युजीनबद्दल म्हणशील, तर मी त्याच्याशी बोलले. कबरीवरची पानं झाडली आणि सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याचा कायदाच तो.

आता ज्यासाठी हा सगळा कागद खर्ची घातला ते लिहिते, कारण लिहिलेलं मला परत गिळता येत नाही. जाऊ नकोस. नाही चालणार मला. तू तिकडे वाळवंटात गोल्फ खेळतोयस आणि मी इथं तुझ्या थंड धुराड्याकडे बघत बसलेय, हे मला अजिबात, कधीही चालणार नाही. तुझं घर गारठवणारं आहे आणि तुझ्या गुडघ्यांना ते जिने झेपत नाहीत, या बाबतीत कर्टचं बरोबर आहे; म्हणून इकडे ये. गावाला सांगायला वरची खोली रिकामी आहे, मार्लिसनं परवाच मला सुचवलं, भाडेकरू म्हणून ठेव त्याला. वरची खोली मला द्यायची नाहीये, अर्विड. माझ्याच खोलीत ये. घोरलास तरी चालेल, सवय आहे. आणि तुला नसेल यायचं, लेकाकडेच मन ओढत असेल, तर खुशाल जा, मी खोकी बांधू लागेन. पण इथं कुणी थांब म्हणालं नाही असं मनात घेऊन जाऊ नकोस. उत्तर लिहू नकोस, फोन तर मुळीच करू नकोस. तळ्यावरच्या सगळ्यांनी होडी बांधायचे आपापले लाकडी धक्के थंडीसाठी पाण्यातून काढून घेतले. काल मार्लिसचा भाऊ माझाही काढायला आला होता, त्याला मी परत पाठवला. म्हटलं, अजून एक होडी यायची आहे.

तुझीच,
हिल्मा