तुझा लाडका फोटो

प्रिय खारूताई,

फोनवर तू आडून आडून विचारतेस, "मावशी, झाला का गं?" आणि मी "होतोय, होतोय" म्हणून विषय तुझ्या बाबांच्या गुडघ्यावर नेते. त्यांचा गुडघा म्हणावा इतका दुखत नाही. माझ्यासमोर जिना चढताना कण्हतात, आणि मी घरात नाही असं वाटलं की तरातरा चढतात. मी वरून पाहिलंय. तेव्हा ती काळजी सोड. मला फोटोचं बोलायचंय, आणि फोनवर ते जमणार नाही. फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि तू बोललीस की मी लगेच शहाण्यासारखी वागायला लागते. आज मला शहाण्यासारखं वागायचं नाहीये.

मी या घरात आले तेव्हा तू पहिलीत होतीस. खिशात खडूचे तुकडे, गोट्या, झिजलेली खोडरबरं असं काय काय कोंबून फिरायचीस, म्हणून तर तुझं नाव खारूताई पडलं. तुझ्या आत्याने तुला आधीच पढवून ठेवलं होतं, "हिला मावशी म्हणायचं." तू शहाण्या मुलीसारखी मावशी म्हणालीस, माझं बोट धरून मला आतल्या खोलीत नेलंस आणि कपाटाचं दार उघडलंस. दाराला आतून चिकटपट्टीने लावलेला तो फोटो होता. "ही माझी आई," म्हणालीस. पाहुण्याला न्हाणीघर कुठे आहे ते दाखवावं, इतक्या साधेपणाने.

आता माझा जन्म फोटो स्टुडिओत गेलेला. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाताखाली मी अक्षरं गिरवायच्या आधी फोटोंवरचे डाग ब्रशने भरायला शिकले. त्यामुळे मनात पहिलं काय आलं असेल तर, किती वाईट काढलाय हा. कॅमेरा हललेला. तिचा माथा वरून कापलेला. उजेड भलतीकडून. तुझे डोळे मिटलेले, तोंड वाकडं. आणि ती पायरीवर वाकून बसलेली, चेहरा जेमतेम अर्धा दिसतोय, तुझ्या बुटाची नाडी बांधतेय. आमच्या दुकानात असा फोटो निघाला असता तर अण्णांनी गिऱ्हाइकाच्या नजरेला न पडू देता फाडून टाकला असता. तुझ्या बाबांनी काढलेला, हे कळलं तेव्हा नवल वाटलं नाही. त्यांनी काढलेल्या फोटोंत आजही निम्मी माणसं चौकटीबाहेर असतात.

मला वाटलं, लहान आहे, विसरेल. तू कसली विसरतेस. वाचायला लागलीस तेव्हा तो अभ्यासाच्या टेबलावर आला. मी म्हटलं, आण, दुकानात नेऊन प्रत काढते, तर तू तो पाठीमागे लपवलास. निगेटिव्ह तर तुझ्या बाबांनी घरं बदलताना कधीच हरवलेली. म्हणजे जगात तो एकच, आणि तो तू कुणाच्या हातात द्यायची नाहीस. माझ्या तर नाहीच.

आणि माझे फोटो? तुझा पहिला पडलेला दात, सायकल, शाळेच्या नाटकातलं तुझं झाड, पदवीचा झगा. मी दुकानातला चांगला कॅमेरा खांद्याला लावून तुझ्या मागे मागे फिरले आहे. उजेड बघून, थांबून, श्वास रोखून काढलेले फोटो आहेत ते. शेजारचा चष्मेवाला अजून म्हणतो, पोरीचा झाड झालेला फोटो दुकानाच्या काचेत लावा, गिऱ्हाईक वाढेल. तू त्यांच्याकडे बघून "मस्त आलाय गं मावशी" म्हणायचीस आणि अल्बममध्ये घालायचीस. तू होस्टेलला गेलीस तेव्हा मी तुला भेटायला आले होते, आठवतं? तू खाली चहा आणायला गेलीस आणि मी खोलीभर नजर फिरवली. मैत्रिणींचे फोटो होते, एका मांजराचा होता. उशाशी भिंतीवर तो. मी कुठे दिसते का, हे मी कपाटाच्या आतसुद्धा पाहिलं. मग तू आलीस, मी चहा घेतला, तुझ्या पलंगावरची चादर बदलली आणि पुढची गाडी पकडून घरी आले. तुझ्या बाबांनी विचारलं, कशी आहे पोरगी? मी म्हटलं, मजेत आहे. मग भांडी इतकी आपटत घासली की ते बिचारे उठून बाल्कनीत जाऊन बसले.

लोक सवत सवत म्हणून उगाच घाबरतात. जिवंत सवत परवडली. तिच्याशी भांडता येतं, तिच्या भाजीला नावं ठेवता येतात, कधी ना कधी तीही चुकते, चिडते, जाड होते. मेलेलीचं काय करणार? ती पायरीवर बसली ती बसलीच, तशीच, तरुण, अर्ध्या चेहऱ्याची. तिने कधी तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या नाहीत. गणिताच्या वहीवरून तिने तुला धपाटा घातला नाही. "तू माझी आई नाहीस" हे वाक्य तिला कधी ऐकावं लागलं नाही, ते माझ्या वाट्याला आलं, तेही पायमोज्यांवरून. बुटाच्या नाड्या मीही बांधल्या की. पावसाळी शाळेचे दिवस, भिजून फुगलेल्या नाड्या, दातांनी गाठी सोडवल्यात मी. पण त्याचा फोटो कोण काढणार? घरात कॅमेरा धरता येणारी मी एकटी.

तर अशी मी, आणि मग तुझा तो फोन आला. कपडे धुण्याच्या मशीनची नळी फुटली, पाणी खोलीत शिरलं, भिंतीकडेला टेकवून ठेवलेली त्या फोटोची चौकट भिजली. तू इतकी रडत होतीस की मला आधी वाटलं, जावईबापूंना काही झालं. एक सांगू? तू बाबांना नाही, मला फोन केलास, याचा मला त्या रडण्यातही आनंद झाला. आणि पाठोपाठ कशासाठी रडतेस ते कळलं.

फोटो काचेला चिकटला होता आणि तू घाईघाईत ओढून काढलास, तिथेच घात झाला. तुला दोष देत नाही, कुणीही तेच केलं असतं. माझ्याकडे आला तेव्हा तुझा बूट, पायरी, तुझं वाकडं तोंड शाबूत होतं. तिचा गाल गेला होता, भुवई गेली होती, कानाचा भाग गेला होता, आणि कोपरापासून पुढे दोन्ही हात. निव्वळ पांढरा कागद. मी जे काही उरलं होतं ते स्कॅन केलं आणि पडद्यावर मोठं करून बसले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेवढंच काम. इतक्या वर्षांत मी त्या बाईकडे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं टाळलंच होतं.

गाल कुठून आणायचा? तुझ्या बाबांना म्हटलं, तिचे बाकीचे फोटो काढा. त्यांनी माळ्यावरून एक डबा काढून आणला. माझ्याच माळ्यावर होता, मला ठाऊक नव्हतं. दुपारी ते दुकानात येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसायला लागले. मी पडद्यावर गाल भरत होते आणि ते सांगत होते, "अजून जरा भरलेला. आणि भुवई तुटकी होती तिची, झोपाळ्यावरून पडली होती लहानपणी." मी म्हटलं, "हे मला कधी सांगितलं नाहीत." ते म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस." खरंच नव्हतं विचारलं. एका बाजूला त्यांचा आवाज असा मऊ झालेला, जो मी माझ्यासाठी कधी ऐकला नाही, आणि दुसऱ्या बाजूला मी, त्याच बाईची भुवई केस केस करून रंगवतेय. पण भुवई चांगली केली मी. तिथे हात आखडता घेतला नाही. अण्णांची शिकवण आहे, गिऱ्हाईक आवडो न आवडो, काम चोख.

डब्यातले तिचे फोटो देखणे होते गं. बागेतला, खिडकीतला, एक तर स्टुडिओत काढलेला, अगदी नीट उजेडातला. मला राहवलं नाही. त्या दिवशी मी ते स्कॅन करून तुला पाठवले आणि फोनवर विचारलं ना, की इतके चांगले फोटो असताना हाच का? तू कामात होतीस, कुणाशी तरी मध्येच बोलत होतीस, आणि सहज म्हणालीस, "बाकीच्यांत ती कॅमेऱ्याकडे बघतेय, मावशी. कॅमेऱ्यामागे बाबा, नाहीतर स्टुडिओवाला. ह्यात ती माझं काम करतेय." आणि मग म्हणालीस, "मला ती आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. मला फक्त तिचे हात आठवतात, आणि तेही फोटोतलेच." तुला मीटिंगला बोलावलं, तू फोन ठेवलास. तू आठवणीत राहिलेली आई जपतेस असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुझ्याकडे आठवण नव्हतीच. नुसता कागद होता, आणि आता त्यातले नेमके हातच गेले होते.

मी डबा पालथा घातला. बागेत तिचे हात पाठीमागे आहेत. खिडकीत घडी घातलेले. स्टुडिओत मांडीवर, तेही तुझ्या दुपट्यात लपलेले. नाडी बांधणारे, बोटं वाकलेले, अंगठ्याने गाठ दाबून धरलेले हात कुठेच नाहीत. कल्पनेने काढून पाहिले, तर ते हात रबरी मोज्यांसारखे दिसायला लागले. हात हे सर्वांत अवघड, अण्णा म्हणायचे, चेहऱ्याला लोक माफ करतात, हाताला करत नाहीत.

म्हणून आता हे पत्र लिहितेय, खारूताई, कारण फोटो कधीचाच तयार आहे आणि पाठवायला माझा हात होत नव्हता. त्यातले हात माझे आहेत. दुकानात लहान मुलांच्या फोटोंसाठी ठेवलेल्या सामानात एक बूट होता, त्यात कागद कोंबला, दाराच्या उजेडात पायरीवर ठेवला, कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दाबला आणि नाडी बांधली. पुन्हा पुन्हा बांधली. मग त्या हातांवरच्या शिरा पुसल्या, इस्त्रीचा डाग पुसला, अंगठी काढली, बोटं सडपातळ केली, ती होती त्या वयाचे केले. तुझ्या बाबांना दाखवला तर ते चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हात अगदी तिचेच आलेत." इतकी वर्षं माझ्याच हातचं जेवलेला माणूस. मला हसू आलं, आणि रागही आला, आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. तुला मात्र न सांगता देणं मला जमेना, कारण तुझ्याकडे तिचं म्हणून तेवढंच होतं. गरज होती म्हणून मी ते हात तिथे बसवले, हे खरं आहे. आणि त्या फोटोत एकदा तरी शिरायला मिळालं म्हणून मला झालेला आनंदही खरा आहे. दोन प्रती पाठवतेय. एकीत हात आहेत. दुसरीत गाल, कान, भुवई सगळं आहे, आणि हातांची जागा आली तशी पांढरी ठेवली आहे. कुठला लावायचा ते तू ठरव. मोठ्या मनाची बाई इथे म्हणाली असती, तुला हवा तो लाव, मला काही वाटणार नाही. मला वाटेल. तू हातांचा लावावास असं मला फार वाटतं.

तुझीच, आणि हे नाव तरी कुणाशी वाटून न घेणारी,
मावशी