अर्धा रोट आणि अश्वत्थामा

चि. सौ. नूतन हिला कुंदाफुईचे पोटभर आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि धुळ्याचं तुमचं ते चौथ्या मजल्यावरचं घर, सगळं ठीक असेल असं धरून चालते. फोनवर तू 'मजेत' म्हणतेस, पण 'मजेत' म्हणणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो, म्हणून पत्र लिहिते आहे. लिहून खोटं बोलायला माणसाला जास्त कष्ट पडतात. इकडे माझे गुडघे, तुझ्या आईची साखर आणि तुझ्या आबांचा राग, तिन्ही जसेच्या तसे आहेत. (फोन न करण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या घरात एकाने फोन लावला की चार जण ऐकतात, आणि मला सध्या चौघांचाही संशय आहे.)

तुझं पुस्तक मिळालं. पाकिटाची चिकटपट्टी दोनदा लावलेली होती, म्हणजे माझ्या आधी कुणीतरी उघडून पाहिलं होतं. ते काम तुझ्या भाचीचं, किरणच्या मोनालीचं. तिने ते पुस्तक आजपर्यंत सात वेळा वाचलं आहे आणि पाठ्यपुस्तक एकदाही नाही. मीही वाचलं. कपाळाची जखम घेऊन सातपुड्यात तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तू त्यात रेवा नावाची पोर घातलीस. ती उनपदेवच्या गरम कुंडातून पाताळात उतरते, वाघाशी अहिराणीत बोलते, आणि कानबाईचा रोट ओढणीत लपवून अश्वत्थाम्याला नेऊन देते. वाघापर्यंत माझी काही तक्रार नव्हती. (वाघ शिकला असेल अहिराणी, त्याला काय काम असतं दिवसभर!) रोटाचं मात्र तू बरं केलं नाहीस. त्या एका पानापायी आपल्या घरातून कानबाई जायची वेळ आली होती, म्हणून हा सगळा पसारा लिहायला बसले.

तुझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा विसरली असशील. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते. त्याआधी घरातल्या पुरुषांची मोजणी होते आणि एकेकाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. यंदा अकरा पुरुष. अकरावा किरणचा चार महिन्यांचा तान्हा, ज्याला अजून दात नाहीत, पण मूठ आहे. जितक्या मुठी तितके रोट. ते घरच्यांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, आणि सासरी गेलेली लेक बाहेरची. गहू मी निवडते, जात्यावर मी दळते, गुळाचं पाणी मी करते, तळते मी. सत्ताविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी या घरात परत आले, तेव्हापासून चव्वेचाळीस कानबाया मी तळल्या आहेत. आता त्यात मला मूठ नाही की कण नाही, हे रीतीनेच आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

तर सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत नदीवर बोळवून सगळे घरी आले. आबांनी डब्याचं झाकण उघडलं आणि रोट मोजले, तर साडेदहा! अर्धा गायब. आबा एसटीत कंट्रोलर होते हे तुला सांगायला नको. आयुष्यभर त्यांनी न आलेल्या गाड्यांचे जबाब घेतले आहेत. त्यांनी ओसरीवर खुर्ची टाकली आणि जाहीर केलं, की रोट बाहेरच्याच्या तोंडात गेला असेल तर घर विटाळलं. पुनवेपर्यंत चोर सापडला नाही तर पुढच्या वर्षापासून कानबाई दोंडाईच्याला रुपचंदकडे. (रुपचंद म्हणजे आबांचा चुलतभाऊ. गेली वीस वर्षं त्याचा आपल्या कानबाईवर डोळा आहे. त्या दिवशी त्याचा तीनदा फोन आला, 'सहज' म्हणून. सहज फोन करणाऱ्या माणसाला एवढा दम कशाला लागतो?)

चौकशीचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातली सगळ्यात संशयी मी. पहिला संशय मांजरीवर घेतला, पण मांजर रोट मधोमध तोडून उरलेला अर्धा नीट पालथा घालून ठेवत नाही. मग तुझी आई. कमलवहिनीला डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ती देवघरात जरा जास्तच वेळ बसते. मी तिच्या बोटांचा वास घेतला. तिने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि माहेरी चाळीसगावला निघून जाईन म्हणाली. (तिकडे आता कुणी राहत नाही, पण धमकी तिने जुनीच ठेवली आहे.) मग तुझा भाऊ किरण. तो म्हणाला, मला माझा अख्खा रोटच जात नाही, अर्धा आणखी कशाला चोरू? हे खरं वाटलं म्हणूनच मी त्याला संशयितांत ठेवलं.

तेवढ्यात मोनाली तुझं पुस्तक छातीशी धरून ओसरीवर आली आणि म्हणाली, रोट अश्वत्थामा ली ग्या. पान छत्तीस. आबांनी तिला असं काही झापलं की पोर जात्यामागे जाऊन बसली. शिवाय सगळ्यांचा संशय आता तिच्यावरच वळला, की हिनेच पुस्तकातल्यासारखं कुणाला तरी नेऊन दिलं असणार. दोन दिवस पोरीशी कुणी धड बोललं नाही. मलाही जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू.

बुधवारी भरदुपारी दारात एक माणूस उभा राहिला. सहा फुटांच्या वर, अंग मातीने भरलेलं, कपाळावर फडकं बांधलेलं आणि फडक्यातून रक्त. म्हणाला, "माय, जरासं तेल मिळी का? कपायले लागनं." नूतन, आबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ज्या माणसाने अख्ख्या डेपोला घाम फोडला, तो खुर्चीतून उठला, हात जोडले आणि विचारलं, "कितला वरीस व्हयनात?" तो बिचारा म्हणाला, "आतेच लागनं, बाबा. तुमनी पंपनी खोलीनं दार धाकलं शे." हा चोपड्याचा धनसिंग; केळीच्या बागेतलं ठिबक दुरुस्त करायला किरणनेच त्याला बोलावलं होतं, पंपाच्या खोलीच्या ठेंगण्या दारावर त्याचं कपाळ आपटलं होतं, आणि त्याच्या टोपीवर ठिबकच्या दुकानाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं. मी आबांच्या कानात सांगितलं. आबा म्हणाले, तीन हजार वर्षं झाली तरी ती जखम त्याला आत्ताचीच वाटणार, हाच तर शाप आहे.

मग वाटीभर तेल आलं, हळद आली, पाट आला. आबा त्याच्या पाया पडले. धनसिंग आधी घाबरला, पण शेवयांची खीर आल्यावर त्याने फार विरोध केला नाही. आबांनी शेवटी विचारलं, रोट पावला का? त्याच्या तोंडात खीर होती, त्याने मान हलवली. झालं! खटला निकाली. रोट बाहेरच्याने नव्हे, चिरंजीवाने खाल्ला. घर विटाळलं नाही, कानबाई कुठेही जात नाही. मोनालीला आबांनी स्वतः जात्यामागून उचलून आणलं, कमलवहिनीची बॅग पुन्हा माळ्यावर गेली आणि रुपचंदला फोन करून कळवण्यात आलं. पुढच्या वर्षापासून सुपात बारा मुठी पडायच्या, बारावी अश्वत्थाम्याच्या नावाची, आणि तो रोट झाकून परसातल्या ओट्यावर ठेवायचा, असंही ठरलं. ठेवायचं काम माझं.

आता तू शिकलेली, तूच सांग, यावर कुणी विश्वास ठेवील? मी तरी ठेवत नाही. माझी चौकशी चालूच आहे. जावईबापूंना नमस्कार सांग, आणि चौथ्या मजल्यावरून वाकून खाली बघत जाऊ नकोस.

तुझी,
कुंदाफुई

ता. क. हे पत्र वाचून झालं की फाड. अर्धा रोट मी खाल्ला. रविवारी दुपारी डबा लावताना तुझं पान छत्तीस आठवलं. रेवा पीठ मळताना म्हणते ना, ज्याला कुणी मोजत नाही त्याच्या नावाची ही सव्वा मूठ. मी ते पान वाचून रडले होते गं. ज्याने झोपलेली पोरं मारली, त्यालासुद्धा तू मूठ दिलीस, आणि मी चव्वेचाळीस वर्षं तळते आहे, मला त्याची चव माहीत नव्हती. अख्खा खायचा धीर झाला नाही. गूळ थोडा कमी पडतो. इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही. मोनालीवर आळ आला तेव्हा कबूल करायला दोनदा ओसरीपर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले. त्याची लाज वाटते. बुधवारी जेवण झाल्यावर सांगायचंच असं ठरवलं होतं, तेवढ्यात दारात धनसिंग आला.

ता. क. दुसरा. मोनाली सांगते, तू पुस्तकाचा दुसरा भाग लिहिते आहेस आणि त्यात रेवा अश्वत्थाम्याची जखम बरी करून त्याला मुक्ती देणार आहेस. हे पत्र खरं त्यासाठीच लिहिलं. तुझे आबा आता तुझी पुस्तकं पोथीसारखी वाचतात. तो सुटला असं त्यात आलं, की बारावी मूठ बंद. तेव्हा मुक्ती राहू दे. तीन हजार वर्षं काढलीत त्याने, माझ्यासाठी आणखी दहा-बारा काढेल.