वन बाय टू सूप

५ जानेवारी, रविवार

ह्यांचं वजन काल ५१. दिवाळीनंतर ५४ होतं. डॉक्टर म्हणाले, पन्नासच्या खाली गेलं तर नाकातली नळी पुन्हा घालावी लागेल. नळीचं नाव काढलं की हे भिंतीकडे तोंड करून झोपतात.

पक्षाघाताला चौथा महिना. हातपाय बरेच आले, काठीने चालतात. गिळणं आलं नाही. पातळ काही दिलं की श्वासनलिकेत जातं. पाणी, चहा, ताक सगळं बंद. पेज दाट करून द्यायची, तर ती गालात धरून बसतात. आज सकाळी सहा चमचे, चाळीस मिनिटं. माझा खांदा भरून आला.

ईराचा नववा वाढदिवस. नितीनने ठरवलं, इथल्याच एव्हरशाईनमधल्या त्या लाल कंदील टांगलेल्या चायनीजमध्ये दुपारी जेवायचं. मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मी ह्यांच्यापाशी बसते. श्वेता म्हणाली, "आई, बाबापण येतायत. शर्टाला इस्त्री झालीय." ह्या सुनेची इस्त्री झाली म्हणजे विषय संपला.

पेजेचा थर्मास घेऊन गेले. आत गोंगाट, प्लास्टिकच्या खुर्च्या, शेजारच्या टेबलावर सहा माणसांत एक ट्रिपल शेजवान. ईराने स्वीट कॉर्न सूप मागवलं. मी थर्मासचं झाकण फिरवतेय तोवर ह्यांनी डावा हात लांब करून तिच्या बाऊलमधला चमचा उचलला आणि तोंडात घातला. मी उठले. तेवढ्यात गिळलंही. ठसका नाही. दुसरा. तिसरा. ईराने बाऊलच पुढे सरकवला. "आजोबा, माझा बर्थडे आहे म्हणून देतेय. रोज नाही."

सतरा चमचे. मोजले मी. थर्मास होता तसा परत आणला.

६ जानेवारी, सोमवार

माणिकपूरला थेरपिस्टकडे. कोवळी मुलगी आहे, गिळण्याचे व्यायाम शिकवते. कालचं सांगितलं तर हसली. "काकू, त्यात कॉर्नफ्लोअर असतं. दाट, म्हणून सरळ खाली उतरतं. घरी करा की. पण ताजं करा आणि थोडं थोडं द्या." वहीत उतरवून घेतलं.

इतकी वर्षं चायनीजला गेले ते नाक मुरडतच. तो लाल रंग, ते अजिनोमोटो, ती कढईतली जाळपोळ. आणि आज कॉर्नफ्लोअरचा पुडा आणायला मीच उभी.

८ जानेवारी, बुधवार

काल गुठळ्या झाल्या. आज जमलं, चमच्यावरून थेरपिस्टने सांगितलं होतं तसं ओघळलं. ह्यांनी एक चमचा घेतला आणि ओठ मिटले.

"पेज."

"पेज नाही, सूप आहे."

"पेजच."

श्वेता ओट्यापाशी होती. म्हणाली, "आई, रागावू नका. तुम्ही उभ्या राहून भरवता. एका हातात चमचा, एका हातात टॉवेल. परीक्षेच्या सुपरवायझरसारख्या. हॉटेलात तुम्ही बसला होतात, आणि थर्मास उघडताना तुमचं लक्ष नव्हतं."

रागावले. तिचं चुकलं नव्हतं म्हणून जास्तच राग आला. हे वाडीतले. केळी आणि पानवेली करून वाढलेले, हाताने वाढून घेणारे. लग्नात घास भरवायच्या वेळी माझा हात धरून तो घास स्वतःच्या हातात घेतला आणि मग खाल्ला. सगळा मांडव हसला होता. चाळीस वर्षं मीही ते सांगून लोकांना हसवलंय.

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा लाल कंदील. ह्या वेळी मीच म्हटलं, चला.

आधी काउंटरला जाऊन सांगून आले. अजिनोमोटो नको, मिरपूड नको, मीठ नावाला. मालक थापा, नेपाळकडचा, वीसेक वर्षं वसईत, कढईवर स्वतःच असतो. म्हणाला, "आंटी, फिर उसमें बचा क्या?" तरी करून पाठवलं. ह्यांनी एक चमचा घेऊन चमचा उपडा ठेवला. ईराने चाखलं. "आजी, हा तर डिंक आहे."

थापाने न विचारता दुसरं पाठवलं, त्याच्या पद्धतीचं. वन बाय टू, म्हणजे एक सूप दोन बाऊलमध्ये अर्धं अर्धं. आमची जुनी रीत. स्टेशनजवळ पहिलं चायनीज निघालं तेव्हा नवंनवं लग्न झालेलं. तेव्हापासून आम्ही दोघांत एकच मागवतो. ह्यांनी आपलं अर्धं संपवलं. मी माझंही पुढे सरकवलं. त्यातले पाच-सहा चमचे घेऊन थांबले. मान हलवली. पोट भरलं असं ह्यांनी सांगून किती दिवस झाले.

उरलेलं बांधून घेतलं. नितीन म्हणाला, "आई, एवढंसं सूप कशाला?" अन्न टाकायचं नाही. संध्याकाळची एक वेळ निघेल, मला थोडी पाठ टेकता येईल.

१३ जानेवारी, सोमवार. दवाखाना.

काल संध्याकाळी सातला ते सूप गरम करून दिलं. पातळ दिसलं. मला वाटलं, गरम झाल्यामुळे सैल झालं असेल. तिसऱ्या चमच्याला ठसका. मग आवाजच नाही. ओठ जांभळे. नितीनने पाठीत धपके घातले, खाली पळत जाऊन रिक्षा आणली. इथे मशीनने ओढून काढलं. उजव्या फुप्फुसात गेलंय. ऑक्सिजन लावलाय.

नळी घातली. घालताना हे माझ्याकडे बघत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "पातळ दिलं होतंत का?"

म्हटलं, "नाही. हॉटेलातलं होतं, घट्ट."

दुपारी घट्टच होतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वॉर्डातल्या मावशींनी तिळगूळ हातावर ठेवला. तसाच पर्समध्ये टाकला.

नितीन गोखिवऱ्याच्या कारखान्यातून सरळ इथे. आल्यापासून धुमसतोय. "सकाळचा माल पाणी घालून वाढवतात हे लोक. मी सोडत नाही त्याला." मोबाइलवर त्या हॉटेलला एकच स्टार दिला आणि लिहिलं की माझे वडील मरता मरता वाचले. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. मला वाचून दाखवलं.

मी "हं" म्हटलं. पातळ दिसल्याचं सांगितलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

ताप उतरला. नळी आहे. हे कोणाशी बोलत नाहीत, ईराशीही नाही. तिने चित्र काढून आणलं होतं, टेबलाभोवती पाच माणसं. ते उशाशी लावलंय.

श्वेता सांगत होती, दोन दिवस थापाची टेबलं रिकामी दिसतात. आमच्या विंगमधल्यांनीच जायचं बंद केलं. सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

दवाखान्यातून परस्पर थापाकडे गेले. दुपारचे चार, हॉटेलात कोणी नाही. मला पाहून उठला. त्याने ते वाचलेलं होतं, चेहऱ्यावरून कळलं. तरी पहिलं विचारलं, "अंकल कैसे हैं?"

मी सरळ विचारलं, पाणी घातलं होतंस का?

"आंटी, आपके सामने गाढ़ा था कि नहीं?"

"होतं."

"फिर घर पे कौन सा दिया? जो बांध के ले गए थे? अंकल का जूठा?"

"हो. उरलेलं."

त्याने खुर्ची ओढली, बसला. "जूठा चम्मच पड़ गया तो कॉर्नफ्लोर नहीं टिकता, आंटी. थोड़ी देर में पानी. इसीलिए चखने का चम्मच दोबारा कढ़ाई में नहीं डालते. मेरे उस्ताद ने पहले ही दिन थप्पड़ मार के सिखाया था."

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी घेतला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी घरी एकटी. दोन वाट्यांत सारखंच कॉर्नफ्लोअर शिजवून घेतलं. एकीत स्वच्छ चमचा. दुसरीत तोंडात घालून काढलेला चमचा, पाच-सहा वेळा. झाकून ठेवल्या. अंघोळ, पूजा, ह्यांचे कपडे. परत येऊन पाहिलं. पहिली होती तशी. दुसरी वाकडी केली तर ताकासारखी वाहिली.

बी.एस्सी.ला, पहिल्या वर्षी, हाच प्रयोग होता. परीक्षानळीत स्टार्च, त्यात लाळ, मग आयोडीनचे दोन थेंब. लाळ नसेल तर निळं होतं, असेल तर होत नाही. माझी जर्नल मॅडम वर्गाला दाखवायच्या. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला होता, उत्तर पाठ होतं. एन्झाइमचं नाव आजही सांगता येईल.

थापाने शाळा कितवीपर्यंत केली, विचारलं नाही.

आणि वहीत माझ्याच अक्षरात: ताजं. थोडं थोडं. खाली रेघही मारलेली.

२० जानेवारी, सोमवार

नितीनला दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये सांगितलं. दोन्ही वाट्यांचं, पूर्ण. म्हटलं, चूक माझी. तू लिहिलंयस ते काढ.

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "आई, तुला पातळ दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"दमले होते. परत काही शिजवायचं नव्हतं."

हे मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. तो म्हणाला, "मला सांगायचं ना." मग, "टाकून द्यायला शीक गं आता." स्टार त्याने काढला. ग्रुपवर मात्र मी स्वतः लिहिलं: सूप हॉटेलात व्यवस्थित होते. घरी नेऊन ठेवलेले उष्टे सूप मी दिले. हॉटेलचा दोष नाही. खाली नाव, फ्लॅट नंबर. तिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. शेजारच्या नानिवडेकरबाईंनी बरं वाटण्याचे मंत्र.

२५ जानेवारी, शनिवार

घरी आणलं. वजन ४९. नळी काढली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: "पंधरा दिवस बघू. सोमवारी दहा तारखेला वजन. आणखी उतरलं तर नळी, आणि मग ती काढायची घाई करणार नाही."

ह्यांनी ऐकलं.

२९ जानेवारी, बुधवार

तोंडच उघडत नाहीत. आधी नको असायचं, आता भीती. चमचा दिसला की दात घट्ट. मी बसून देते, टॉवेल आत ठेवलाय, ताजं करते, दर वेळी थोडंसंच वाटीत काढते. काल दिवसभरात मिळून जेमतेम एक वाटी. श्वेताच्या हातून दोन चमचे जास्त.

रात्री विचारलं, "माझ्यावर राग आहे का?" मान हलवली, नाही. मग हाताने गळा दाखवला.

२ फेब्रुवारी, रविवार

ईरा म्हणाली, "चायनीज?" श्वेताने पातेलं चढवलं. तिने मॅगी खाल्ली.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरच्या काट्यावर ४८ आणि थोडं. आमचा काटा खोटाही असेल. नितीनने दोनदा सेल बदलले.

थेरपिस्ट म्हणाली, जिथे जातं तिथे न्या. मी म्हटलं, आणि तिथे काही झालं तर? "काकू, घरी पण होऊ शकतं." हे तिने मला सांगायची गरज नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार

साडेबाराला निघालो. शर्ट श्वेताने इस्त्री केलेला. हे दारापर्यंत आले आणि काठी धरून थांबले. ईरा म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त बसा. मी खाते." मग आले.

थापा कढईवरून हात पुसत बाहेर आला. मी त्याला सांगितलं तसं त्याने केलं: मोठा बाऊल टेबलाच्या मध्ये, त्याला वेगळा डाव, आणि चार लहान रिकाम्या वाट्या. डावाने थोडं वाटीत, संपलं की नवी वाटी. उष्टा चमचा मोठ्या बाऊलकडे जायचा नाही. ईराकडे पहारा दिला.

वेटरने सवयीने विचारलं, "वन बाय टू?"

"नाही. दोन. दोन्ही फुल."

त्याला ऐकू आलं नसावं म्हणून त्याने परत विचारलं. परत सांगितलं. नितीन माझ्याकडे बघत होता. थर्मास नव्हता आणला.

ह्यांच्यापुढे वाटी ठेवली, चमचा बाजूला. ओठ मिटलेलेच. हात मांडीवर. मी खुर्ची थोडी तिरपी केली, माझा बाऊल ओढून घेतला आणि खायला लागले. मिरपूड होती, मीठ होतं, अजिनोमोटोही असेल. गरम होतं. चांगलं होतं. इतक्या वर्षांत अख्खं सूप मी कधी खाल्लं नव्हतं.

श्वेताने ईराच्या शाळेतलं काहीतरी काढलं. नितीनने त्यात भर घातली. मी मान खाली घालून खात होते. बराच वेळ काही नाही. मग डावीकडे चमचा वाटीला लागल्याचा आवाज. मग थांबला. मग पुन्हा. ईरा पुटपुटत मोजायला लागली, मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

माझा हात कधी थांबला, कळलं नाही. तर हे म्हणाले, जड जिभेने, पण स्पष्ट, "तुझं निवतंय."

मी पुढचा चमचा घेतला. वर पाहिलं नाही. किती गेलं, विचारलं नाही.

उद्या दहाला वजन.